गोगलगाय, अकरा सेकंद

बोडीतली काळी माती, तिची गोगलगाय.
पाटावर बसवली, वर स्टुलाला
ओढणीनं बांधला माझा मोबाईल.
एक फोटो. मग तिला
धानाच्या दाण्याएवढी पुढं सरकवायची.
पुन्हा फोटो.
"हालू नका रे, सावली पडते,"
म्हटलं की अंगणवाडीतले चौदा पोट्टे
श्वास धरून बसत.
रिद्धीला उचकी लागली
तो दिवस तसाच गेला.

सरकवायचं काम नैतिककडे.
त्याचंच बोट हलकं.
तरी दर वेळी पाठीवर नवा ठसा.
आधी मी पुसायची, मग सोडून दिलं.

एकशे बत्तीस फोटो, अकरा सेकंद.
तोवर धान मळून झालं,
नैतिकचे मायबाप मिरची तोडायला
तेलंगणात गेले, पोराला घेऊन.

काल ग्रामपंचायतीचा प्रोजेक्टर मिळाला.
पडदा म्हणून पोषण आहाराचं पोतं, उलटं.
गोगलगाय निघाली.
पाठ तिची सारखी थरथरते,
आतून कोणी गुदगुल्या केल्यासारखी.
ते ठसे.
आणि मधेच, एका फोटोत,
काढायचा राहून गेलेला हात.
पापणी लवायच्या आत येतो, जातो.

"बाई, थो नैतिक व्हय!"
"पुन्हा लावा ना."
पुन्हा. अजून एकदा.
गोगलगाय पानापर्यंत पोचते का
हे कोणी पाहतच नाही.

संध्याकाळी हजेरीपट उघडला.
महिनाभर त्याच्या नावापुढं फुल्याच.
समीक्षा वाकून पाहत होती. म्हणाली,
"आज आलता ना बाई.
थोडुसा."