दोन इंच

खारीगावात, आमच्या पार्किंगमधल्या बारा नंबरच्या रेघेत
जिप्सी जॅकवर उभी होती, तीन रविवार.
तेलाच्या डागांबद्दल देवस्थळींनी नोटीस लावली.
त्या नोटिशीवरच मी नट मांडले,
काढले त्याच क्रमाने.

यू-बोल्ट सुटेना.
डिझेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं,
सकाळी पान्याला पाइप जोडून लोंबकळलो
तेव्हा करकरला, किडक्या दाढेसारखा.

जुना बुश हातातच चुरला.
वीस वर्षं या एवढ्याशा रबरानं
प्रत्येक खड्डा आधी स्वतः खाल्ला,
उरलासुरला आम्हाला दिला.

हरेश्वर भोईर पूर्वी खाणीवर डंपर चालवायचे.
वाकून बघितलं, म्हणाले,
"जादा पाटा नको टाकू. भार नाय त गारी उरल."
मी टाकला.
पारसिकच्या उतारावर गाडी अशी उडाली
की जीभ चावली.
संध्याकाळी निमूट काढला तो पाटा;
भोईर समोरच उभे, तंबाखू मळत,
एक शब्द नाही.

लांब शॅकल मात्र ठेवले. गाडी दोन इंच वर.

आई खाली आली.
ते दोन इंच तिच्या गुडघ्यांनी
टेपशिवाय मोजले.
वळली, लिफ्टकडे गेली.
मला वाटलं, संपलं.
ती जेवणाचा पाट घेऊन आली,
दाराखाली ठेवला, पदर खोचला, चढली.
"तुझे पाटे तू सांभाळ," म्हणाली,
"आणि हा उचलून आत घे."

नोटिशीवर एक वॉशर उरलाय.
कुठला, ते अजून कळलेलं नाही.