हाड वाजत नाही

गांगुर्डेंच्या प्रांजलने गेल्या आठवड्यात विचारलं,
"बाई, कॅल्शियम धातू ना? मग हाड वाजत का नाही?"
फळ्यावर माझे दोन रकाने तयार होते:
चकाकी, नाद, ठोकल्यावर पत्रा होणं,
आणि पलीकडे ज्यांना यातलं काही जमत नाही ते,
गंधक, कोळसा, फॉस्फरस.
घंटा झाली. मी वाचले.

तांबट आळीत वाढलेल्या मुलीला
धातू पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.
बाबा घागर मठारत बसायचे सकाळपासून,
शेजारच्या दुकानातला ठोका
आपल्या ठोक्यात मिसळू न देता.
जोड कच्चा असला की आवाजातच कळायचं त्यांना.
मग त्याच आवाजाने त्यांचे कान नेले.

फेब्रुवारीत पडले, खुबा मोडला.
डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम पार गेलंय.
मी गोळ्या आणल्या, ओरडून सांगितलं, "धातूच आहे हा!"
त्यांनी उशाजवळची हातोडी घेतली,
पितळी झाकणावर एक गोळी ठोकली.
पीठ.
"ठिसूळ," म्हणाले. "नाव बदल याचं."

निखळ कॅल्शियम मीही एकदाच पाहिलाय, कॉलेजात.
सरांनी कापला तेव्हा चांदीसारखा होता,
मग हवा लागली आणि पांढुरका पडत गेला.
एकट्याने राहवत नाही त्याला.
दोन इलेक्ट्रॉन तळहातावर घेऊन उभा असतो,
कुणी अधातू येईल, घेईल.
कधी त्याचा चुना होतो, बाबांच्या डबीतला,
कधी ऑक्सिजन-फॉस्फरसच्या संगतीत हाड,
आणि वैद्य तर हाडालाच धातू म्हणतात, सातांतला पाचवा.
हे बाबांना सांगायचं राहिलं.

रामकुंडावर गुरुजी म्हणाले, इथे अस्थी विरतात,
मागे वळून बघू नका.
कलश बाबांच्याच हातचा.
ओल्या पायऱ्या उतरताना आतलं काही हललं
आणि तांब्यावर वाजलं.
बारीक.

कान गेल्यावर बाबा
घागरीचा काठ दातांत धरायचे
आणि डोळे मिटून बुडाला टिचकी मारायचे.
"जोड कच्चा आहे," म्हणायचे.
असायचा.

सुतक संपलं की शाळेत तांब्या न्यायचा आहे.
प्रांजलला म्हणेन, धर दातांत, मार टिचकी.
बाकीच्या वर्गाला
फारसं काही ऐकू येणार नाही.