चिंचोका

गुलाबी पत्रकं वाटली होती.
साठेनगरात त्यांवर भजी निथळली,
एक गठ्ठा नूरबीच्या डगमगत्या पिंपाखाली.

मग वेळ बदलली. दुपारी,
टँकर येऊन गेल्यावर
बायका झबल्यांचे धागे कापत बसतात तेव्हा
परातभर कणीक मळून नेली,
आत एक चिंचोका.

शोधा म्हटलं. बोटांच्या पेरांनी, गोल गोल, दमानं.
छबूताई हसली, "यात काय,
जन्म गेला पिठात."
तिलाच आधी सापडला.

मग पदराआड.
हसू हळूहळू थांबलं.

परात विसळताना कस्तुरा तेवढी उरली,
हात तसेच, पिठाचे.
"बाई, कणकेतला काढलात तुम्ही.
शताब्दीत केसपेपर किती वाजेपर्यंत मिळतो?
पण उद्याची मजुरी..."

"तुझे धागे मी कापते,"
पिंपामागून नूरबी.