कार्ड न टाकता

भिशी लागली तेव्हाच ठरवलं होतं.
बेचाळीस हजार. त्यातले दोन बॅगेला.
पुण्याच्या मावसभावाने फोनवर पाऊण तास घेतला:
बॉडीत पैसे घालू नको, लेन्समध्ये घाल,
सेन्सर मोठा बघ, मेगापिक्सेलला भुलू नको.
मी वहीत उतरवून घेतलं सगळं,
कंपनीत बॅच नंबर उतरवते तसं.

अकरा वर्षं मी रोपांचे फोटो काढते.
मिरची, दिवस सातवा. मागे पांढरा कागद,
शेजारी स्टीलची पट्टी, उंची दिसली पाहिजे.
बियाणं कंपनीचं, कॅमेरा कंपनीचा, उजेडही कंपनीचा.
सावली पडली की फोटो बाद.

गफूर इनामदारांचं दुकान जालन्याच्या जुन्या मोंढ्यामागे, बोळात.
काउंटरखाली बुरशी धरलेल्या लेन्सा,
वर तांदळाच्या डब्यात
कुणाचा तरी भिजलेला हँडिकॅम वाळत घातलेला.
मी वही उघडली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे सगळं बराबर हाये ताई. पण काढायचं काय?"

काय सांगणार?
लग्नं नाहीत, पक्षी नाहीत,
वेरूळला गेले ती शाळेच्या सहलीत, तेवढीच.
"पट्टी नको," एवढंच तोंडातून आलं.

त्यांनी तीन कॅमेरे मांडले,
तिन्हींतली कार्डं काढून खिशात टाकली.
"एकेक न्या, फिरून या.
ज्याच्यातून सुटलेलं घरी गेल्यावर बी आठवंल, तो तुमचा.
वही मंग बघू."

पहिला पायलीभर जड.
लेन्स पाहून केळीवाल्याने कॉलर नीट केली,
विचारलं, कोणत्या चॅनलच्या?
मोसंबीच्या ढिगाला टेकून झोपलेला हमाल
उठून बसला, केसांवरून हात फिरवला.
अख्खा मोंढा पासपोर्ट साइजला बसल्यासारखा.

दुसरा हलका. आवाज नाही, कुणाला पत्ता नाही.
पण पडद्यावर सांज खरीपेक्षा उजळ,
आणि दिसेल त्या तोंडाभोवती हिरवा चौकोन,
बैलाच्यासुद्धा.
खरं सांगते, आवडायला हवा होता तो हाच.
माझ्याआधी त्यालाच सगळं दिसत होतं.

तिसरा जुना. डोळा लावायच्या काचेवर केसाएवढा ओरखडा.
एकच लेन्स, झूम नाही,
जवळ पाहिजे तर आपणच पावलं टाकायची.
कुंडलिकेच्या पुलाकडे, आठवडी सुट्टीचं एक दुकान,
त्याच्या शटरला पाठ लावून एक पोरगी उभी,
टाचा उचललेल्या.
दुसरी तिच्या डोक्यावर खडूने रेघ मारू राहिली,
"टाचा खाली! चीटिंग!" ओरडू राहिली.
मी चार पावलं गेले. मग अजून एक.
खट्.
केवढा आवाज!
दोघींनी वळून पाहिलं,
आणि तेवढ्यात टाचा खाली आल्या.

परतले तर इनामदार फरशीवर चुंबक फिरवत होते,
कसलीशी स्प्रिंग हरवलेली.
"काय सुटलं?" मान वर न करता.
मी सांगायला लागले
आणि बघते तर माझा हात हवेत, कमरेच्या वर,
उंची दाखवत.
"पट्टी आलीच की," ते म्हणाले.

एकतीस हजाराला दिला.
साठ हजार वेळा उघडझाप झालेली,
तेही पावतीवर लिहून दिलं.
मावसभाव म्हणाला, फसलीस.
असेल.

दुसऱ्या दिवशी कंपनी सुटल्यावर कार्ड टाकून गेले.
दुकान उघडं. शटर वर गुंडाळलेलं,
आत रंगाचे डबे आणि गिऱ्हाईक.
साडेआठपर्यंत समोरच्या पानटपरीशी थांबले.
मालक शटर ओढता ओढता माझ्याकडे बघत राहिला.
रस्त्याच्या दिव्यात खडखडत
दोन रेघा खाली उतरल्या,
एक जराशी वर, पुसट.
कुणाची कोणती, माहीत नाही.
त्यांच्यावर माझीच सावली पडली होती.
राहू दिली.