कारण: माती

बोर्लीच्या वरच्या अंगाला, चिरेखाणीच्या हजेरीबुकात
सतरा नंबरला, माझ्याच अक्षरात:
आदम दाऊद सरखोत.
रेशनकार्डावर तो 'अदाम', आधारवर 'आडम'.
वय सव्वीस, तरी खाणीत सगळे बाबा म्हणतात,
कारण पहिल्याच दिवशी मुकादम त्याला ओरडला होता,
"हे घमेलं काय बाबा आदमच्या काळातलं आणलंस?"
नाव चिकटलं. घमेलं अजून तेच आहे.

बिडी पेटवताना म्हणतो,
"माज्या नावात दम हाय, मुनशी.
आ काढलास तरी दम उरतो."
आणि खोकतो.
रुमालावर लाल उमटतं. चिऱ्याची पूड असेल.
मी विचारत नाही.

खाणीतून उतरताना शेवटचं घर हायम बोर्लीकरांचं.
अंगणात जुन्या घाण्याचा दगड, त्यावर वाळत घातलेली आमसुलं.
त्यांचे सगळे अश्दोदला, बीरशेबाला.
हे राहिले.
का, तर विहिरीला यंदाही पाणी आहे, म्हणायचे.
दरवर्षी हेच.

त्यांनी एकदा आदमला पायरीवर बसवून
त्याचंच नाव त्याच्यापुढे फोडलं, फणस फोडतात तसं,
हाताला तेल लावून, चीक चुकवत.
अदामा म्हणजे माती.
अदोम म्हणजे लाल.
दाम म्हणजे रक्त,
"आणि रक्ताचं अनेकवचन केलंस, तर त्याचा अर्थ पैसेही होतो."
आदम माझ्याकडे बघून हसला. शनिवार होता, पगाराचा.
"तिकडं आई पोराला दटावते, बेन आदम हो,
म्हणजे मेल्या, माणसासारखा वाग.
कारखान्यात कोआह आदम म्हणतात,
म्हणजे या मुनशीचं बुक.
भाच्याच्या नातवाचं नावही आदमच. गिटार वाजवतो."
मग चष्मा काढून म्हणाले,
"पण आदमला अनेकवचन नाही. दोन आदम, दहा आदम, होतच नाहीत.
आदमची लेकरं म्हणायचं आणि भागवायचं."

आदमने आपले हात उलटसुलट पाहिले.
"साबण लावून जात नाय, ता खरा," एवढंच बोलला.

फाल्गुनात, मंगळवारी, हायमशेठ गेले.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
म्हसळ्याहून दोघे आले,
टेम्पोतून रोह्याचे तिघे.
बराच वेळ सगळे रस्त्याकडे बघत उभे होते.
मग पाच जणांना जेवढं वाचता येतं तेवढं वाचलं.

काजूंखालची जागा. दीड हातावर जांभा लागला,
फावडं ठणकन वाजून परत आलं.
कुणी बोलावलं नव्हतं,
आदम पहार घेऊन उभा होताच.
जांभा जमिनीत असतो तोवर ओला, मऊ,
वारा लागला की कठीण होतो,
म्हणून त्याने घाई केली.
कडा मात्र ओळंब्याने सोडल्यासारख्या सरळ.
बंगल्याच्या पायालाही तो इतकं सरळ कापत नाही.

रोहेकरांनी खिशातून पुडी काढली,
यरुशलेमची माती, डोळ्यांवर ठेवायची.
पांढुरकी होती, जुन्या चुन्यासारखी.
आदम वाकून बघत राहिला.
"ही लाल नाय," तो म्हणाला.
कुणी उत्तर दिलं नाही.
उत्तर देणारा माणूस खाली होता.

परतताना तो समुद्राच्या बाजूने गेला.
हात धुतले की नाही, मला दिसलं नाही.

रात्री बुक भरायला घेतलं.
सतरा नंबर: अर्धा दिवस गैरहजर.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, माती.
सकाळी मुकादमाने बोट ठेवलं.
"माती? म्हणजे वरची माती काढत होता? पूर्वेच्या तोंडाला?
मग अर्धा कशाला, पुरा लाव."

पेन माझ्याच हातात होतं.
मी पुरा लावला.