मोजदाद

प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी कागद पाहिला. पाहिला म्हणजे
बोटांनी ऐकला.
शाई फुटलेली, कड तिरकी, नंबर अर्धा:
चूक हाताला आधी कळायची,
डोळ्यांना मागून.

आता जेलरोडच्या दोन खोल्यांत
रोज सकाळी सशाच्या लेंड्या मोजते.
हसू नका.
सशाची तब्येत तोंडावर दिसत नाही.
दुखलं तरी तो तसाच बसतो,
बदली झालेल्या शिपायासारखा, भिंतीकडे तोंड करून.
लेंडी गोल हवी, कोरडी हवी,
चिमटीत दाबली की गवताचा भुसा व्हायला हवा.
आकडा दोनशेच्या खाली गेला
की माझा चहा गार होतो.

चुरमुरा खरं तर सुमेधचा.
त्याला होसूरला नोकरी लागली,
दोन बॅगा त्याच्याबरोबर, पिंजरा माझ्याकडे.
"आई, फक्त पंधरा दिवस."
त्याला फेब्रुवारीत वर्ष झालं.

त्याच फेब्रुवारीत शेजारच्या नसीमने
क्रेटभर द्राक्षं आणून दिली.
तिचा भाऊ पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये.
निर्यातीत नापास माल:
मणी दोन मिलिमीटरने लहान,
गोडीला काही कमी नाही.
नापास या शब्दाशी माझं जुनं नातं.
घड धुतला, पुसला,
एकेक मणी जाळीतून आत दिला.
काय खायचा! मिशा थरथरायच्या,
रस हनुवटीवर.
गवत कोपऱ्यात, पेंढी न सुटलेली.

चौथ्या दिवशी टॉवेलवर
काळं, चकचकीत, ओलं काहीतरी,
बारीक मण्यांचा चेपलेला घडच.
शेपटीखाली लगदा.
वासाने मी तिन्ही खिडक्या उघडल्या.
वाटलं, हगवण लागली, संपलं.
सुमेधला काय सांगू?

टोपलीत घालून रिक्षाने सिडको.
डॉक्टर खैरनारांकडे आधी एक शेळी होती,
मग एक गावठी कुत्रा,
मग आम्ही.
त्यांनी पोटाला नळी लावली, बराच वेळ.
"वाजतंय," म्हणाले.
"वाजतंय तोवर घाबरायचं नाही.
खाणं सुटलं, पोट गप्प झालं,
तर रात्रीचे दोन असले तरी या."

मग मी कागदात गुंडाळून नेलेलं ते
चिमट्याने उलगडलं.
"ही हगवण नाही, ताई.
हे त्याचं दुसरं जेवण.
पहाटे वाकून आपलंच आपण परत घेतो,
जमिनीला लागूही देत नाही.
सशाला एकदा खाल्लेलं अंगी लागत नाही.
तुम्ही इतकं गोड घातलंत
की त्याने ते टाकून दिलं."

द्राक्षं बंद. गाजर बंद.
बिस्किट, जे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं,
तेही बंद.
विहितगावच्या गोठ्यातून वाळलेलं मारवेल,
कोमट पाण्याचं फडकं, कोरडा पंचा,
माशी बसू द्यायची नाही.
तीन दिवस त्याने मागचे पाय आपटले,
माझ्याकडे पाठ करून बसला.
मीही बसले, त्या पाठीकडे तोंड करून.
एरवी घरात भांडायला असतं कोण.

सुमेध फोनवर विचारतो, कसाय?
मी म्हणते, दोनशे बारा.
आणि तू, असं तो कधी विचारतो,
कधी रेंज जाते.
परवा दोनशे त्र्याहत्तर.
गोल. कोरड्या. एकही नापास नाही.
आकडा सांगितला तर तिकडून टाळ्या आल्या.
खोलीतली पोरं ऐकतात म्हणे,
रोजच ऐकतात.

पहाटे साडेचारला जाग येते, शिफ्टची सवय.
अंधारात चुरमुरा मान पोटाखाली घालतो,
हलकं चपचप.
मी दिवा लावत नाही.
फ्रिज उघडते, राहिलेला शेवटचा घड
उभ्यानेच खाते.
गोड मलाही वर्ज्य सांगितलंय,
पण ते डॉक्टर वेगळे.
दोन मिलिमीटर लहान.
जिभेला काही कळलं नाही.