मापांची वही

पान पिवळं पडलंय, पेन्सिल अजून वाचता येते:
फिलेमन अमिसा. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस.
पुढे बारीक अक्षरात: उधार.
तेव्हा ताकोराडीच्या मार्केट सर्कलपाशी
पालथ्या बादलीवर उभा राहून तो ओरडायचा,
ट्रोट्रोवाले हॉर्न वाजवून त्याला बुडवायचे
आणि तो हॉर्नलाही आमेन म्हणायचा.
एका मास्तरांच्या उरलेल्या कापडातून
मी त्याला पँट शिवली. गुडघ्याला दुहेरी अस्तर लावलं.
गुडघ्यांवर जगणारा माणूस होता तो.

आता कंबर चव्वेचाळीस.
आता तो येत नाही, मी जातो.
फाटक आपोआप सरकतं. फरशी अशी
की चपला काढून हातात घ्याव्यात
की खिशात, कळत नाही.
माप घेताना सगळेच हात पसरून उभे राहतात,
तोही राहतो.
मला भिंतीवरचा दुसरा कुणी आठवतो.
मी टेप छातीभोवती नेतो आणि आकडा बघतो.

"एबो," तो म्हणतो, "दरिद्री पाळकाच्या देवावर
कोण विश्वास ठेवील?
प्रभूचा अंगरखासुद्धा भारीतलाच होता.
नाहीतर शिपायांनी चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या?"

तोंडात टाचण्या होत्या, बरं झालं.
टाचण्या असल्या की माणूस शहाणा ठरतो.
शिंपी आहे मी, त्या अंगरख्याचा विचार मी
त्याच्याआधीपासून करतोय.
वरून खालपर्यंत एकसंध विणलेला, कुठेही शिवण नाही.
मान्य, भारीतला असेल.
पण एकच होता.
आणि शेवटी तोही अंगावर राहिला नाही.

हे मी घरी येऊन बोललो, इस्त्रीशी.
कारण दुकानाचा नवा पत्रा त्याच्या सुटांचा आहे,
एफुआच्या नर्सिंगची फीसुद्धा.
हरमॅटन सुटला की उंटांच्या देशातली धूळ
माझ्या मशीनवर येऊन बसते.
मी ती पुसतो. नेढ्यात दोरा हल्ली
मला ओवता येत नाही, पोरगी ओवून देते.

मासे धुरवणारी आराबा, डोळे कायम लाल,
दर रविवारी लिफाफा टाकते.
मी एकदा विचारलंच. ती चिडली.
"त्याने काय फाटक्यात यावं?
माझ्या घरात चकाकणारं आहे काय?
आठवड्यातून एकदा डोळे भरून बघते.
त्याच्या कोटाच्या बटणांतलं एक माझं आहे."

मी पुष्कळ दिवस बटणं मोजत होतो.
पुढे तीन, बाह्यांवर चार-चार.
कुठलं तिचं?

मग एका रात्री समुद्राकडून वारा आला,
तिच्या भट्टीचं छप्पर घेऊन गेला.
पाळकांच्या घरून माणूस आला,
अभिषेकाच्या तेलाची बाटली देऊन गेला.
खरं सांगायचं तर ती रडली,
आनंदाने की कशाने, विचारायला धजलो नाही.

त्याच आठवड्यात सूट आला, सैल करायला.
माणूस वाढेल म्हणून शिवणीत
मी नेहमी दोन बोटं कापड सोडतो.
उसवून पाहिलं. सगळं वापरून झालेलं.
आता सोडायला आत काही नव्हतं.
अस्तराच्या आत एक जादा बटण टाचलेलं असतं,
एखादं तुटलं तर असावं म्हणून.
ते मी कापलं.

आराबा राखेत उकिडवी बसली होती.
मी तळहात पुढे केला.
तिने बटण घेतलं, धुराळलेल्या बोटांनी फिरवलं,
एका भोकातून आभाळ बघितलं,
तिथे, जिथे छप्पर होतं.
मग लुगड्याच्या गाठीत बांधलं
आणि मासे उलटायला वळली.

येत्या रविवारी ती कुठे बसते, ते मी बघणार आहे.
वहीत काय लिहावं, ते अजून ठरत नाही.